रोहनच्या नावावरचा लॅपटॉप

"सुजाता, मी नाव रोहनचंच टाकलं होतं गं. आईशप्पथ." गावडेचा चेहरा उतरला होता. समोर जोशी मॅडमचा लॅपटॉप, पार कोरा. ऑडिटचं सगळं काम त्यात होतं आणि बॅकअप नव्हता.

मालाडच्या या ऑफिसात मी नेटवर्क बघते. गावडे शेजारच्या टेबलावर, डेस्कटॉप सपोर्टला, कॉन्ट्रॅक्टवर. आमच्याकडे लॅपटॉपला माणसाचंच नाव देतात. माणूस नोकरी सोडून गेला की सपोर्टवाला टूलमध्ये ते नाव टाकतो आणि जागेवर बसूनच, नेटवर्कवरून मशीनमधला सगळा डेटा पुसतो. रोहन नोकरी सोडून गेला होता. पुसला गेला जोशी मॅडमचा.

मी कपाट उघडलं. रोहनचा लॅपटॉप आत बंद पडलेला, डेटा शाबूत. गोम कुठे आहे ते तिथेच कळलं.

नेटवर्कवर प्रत्येक मशीनला एक नंबर लागतो. डीएचसीपी नावाची यंत्रणा तो भाड्याने देते, त्या मुदतीला लीज म्हणतात. कुठल्या नावाचा कुठला नंबर, हे डीएनएस सांगतं. सोसायटीच्या खाली नावांचा बोर्ड असतो ना, तसंच. भाडेकरू बदलला आणि जुनं नाव कोणी काढलं नाही, तर कुरिअरवाला चुकीच्या दारात जाणारच. रोहनचा नंबर आता जोशी मॅडमकडे होता, डीएनएसमध्ये नाव मात्र रोहनचंच. टूलने नावावरून नंबर शोधला आणि त्या नंबरवरचं मशीन पुसलं.

वायफायवर माणसं वाढली, नंबर पुरेनात, म्हणून आमचे आयटी हेड देसाई सर यांनी लीज आठ दिवसांवरून काही तासांवर आणायला लावली होती. "सर, मग डीएनएसमधली जुनी नावंही लवकर काढायला हवीत," मी तेव्हाच म्हटलं होतं.

"ते नंतर बघू. आत्ता हात लावू नकोस."

आता मी त्यांना सगळं उलगडून दाखवलं. "सर, यात गावडेची चूक नाही."

"बटण कोणी दाबलं?"

"त्यानेच. पण टूलने..."

"वरच्यांना एक नाव द्यावं लागतं, सुजाता. लीज-बीज त्यांना कळत नाही. तू ती जुन्या नावांची सफाई आज करून टाक."

माझं डोकंच फिरलं. तशीच उठून एचआरकडे गेले. तिथे म्हणाले, टेक्निकल बाबतीत देसाई सर सांगतील तेच. म्हणजे चोराच्या हातीच जामदारखान्याच्या किल्ल्या.

"आता काय करूचा?" गावडे म्हणाला. घाबरला की त्याची मालवणी बाहेर येते. त्याचं कॉन्ट्रॅक्ट त्याच आठवड्यात थांबवलं.

लीज आणि सफाई मी जुळवून दिली. या धंद्यात असाल तर एवढं करा: लीज कमी केलीत, तर सफाईची मुदतही त्याच दिवशी कमी करा, कोणी 'नंतर' म्हणालं तरी.

गावडेचा लॅपटॉप मी समोर ठेवून, टूल न वापरता पुसला आणि कपाटात टाकला. दुसऱ्या दिवशी डीएनएसमध्ये पाहिलं. त्याचं नाव निघालेलं होतं.

"चालतंय ना आता नीट?" देसाई सरांनी जाता जाता विचारलं.

"हो सर," मी म्हटलं. "गेलेल्या माणसाचं नाव आता एक दिवससुद्धा राहत नाही."