मॅटखालची वायर

आमच्या ह्यांनी गावाला जायला होकार दिला, तिथंच मला कुठंतरी पाणी मुरतंय असं वाटलं.

आबा म्हणजे माझे सासरे. फौजेत जन्मभर टेलिफोनच्या तारा ओढलेला माणूस, आता इस्लामपुरात आमच्याकडे, नाकाला ऑक्सिजनची नळी. माण तालुक्यातल्या आपल्या माळावर एकदा बसून यायचं, एवढंच त्यांचं मागणं. हे दरवेळी नाही म्हणायचे. ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं, गाडीत वीज कुठली, वाटेत बंद पडलं तर? बरोबरच होतं म्हणा. मग सांगलीच्या डॉक्टरांनी ह्यांना एकट्याला आत बोलावलं. बाहेर आल्यावर काय म्हणाले विचारलं तर म्हणे, गोळ्या बदलल्यात. आणि संध्याकाळी जेवताना स्वतःहून म्हणाले, आबा, रविवारी गावाला जाऊ. गोळ्या बदलल्या म्हणून माणूस बदलतो होय?

गाडी दिली ती मोठ्या आवाजाचे स्पीकर बसवणाऱ्याकडे. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाड वायर ओढायची, डिकीत इन्व्हर्टर ठेवायचा, त्यावर आबांचं मशीन चालणार. ज्याच्या दुकानात शेजारचं बोललेलं ऐकू येत नाही, त्याच्या हातात आबांचा श्वास द्यायचा? मला तो पहिल्यापासूनच पटला नव्हता. शनिवारी हे कामावर गेले तशी मी दुकान गाठलं.

बघते तर काय, करंगळीएवढी लाल वायर बॉनेटच्या फटीतनं बाहेर, पुढच्या दारातनं आत, आणि मॅटवरनं काळी टेप चिकटवत थेट डिकीत. दार लावलं की वायर चेपणार. माझं टाळकंच सटकलं. ठिणगी पडली तर मागं म्हातारं माणूस ऑक्सिजनसकट बसलंय, कळतंय का, असं भर रस्त्यात सुनावलं त्याला. त्यानं गाणं बंद केलं आणि खाली बघत म्हणाला, "वहिनी, मी पत्र्याला भोक पाडून पक्कीच बसवणार हुतो. दादाच म्हणाले, तात्पुरती करा. एकदाच जायचंय."

डॉक्टर काय म्हणाले ते मला असं स्पीकरवाल्याच्या तोंडनं कळलं. तिथल्याच स्टुलावर बसले. रडू आलं, आणि त्याहून जास्त ह्यांचा राग आला. एवढं सगळं एकट्यानं गिळून बसायचं? मग डोळे पुसले आणि त्याला सांगितलं, पक्की बसवा.

त्यानं पत्र्याला भोक पाडलं, भोकाच्या कडेला रबर घातलं, बॅटरीजवळ फ्यूज लावला आणि वायर मॅटखालनं नेली. मी हलले नाही तिथनं. तरी विश्वास बसेना, म्हणून घरी आल्यावर मशीन गाडीत ठेवून चालवून बघितलं. रात्री ह्यांनी गाडीचं दार उघडून आत पाहिलं, टेप कुठं दिसली नाही तसं दार लावलं.

रविवारी विट्याच्या पुढं रस्ता मोकळा झाला. मशीन घरघरत होतं. आबा मागं माझ्याशेजारी बसून पायानं मॅट चाचपत होते. मला वाटलं पाय अवघडला असेल. तर ते वाकले, मॅटचा कोपरा उचलला आणि वायर कुठनं कुठं गेलीय ते नीट बघितलं.

"पक्की बसवलीया," ते मला म्हणाले. "म्हंजे परत न्यायचं हाय मला."

"व्हय आबा. पुढच्या महिन्यात पण यायचंय."

त्यांनी नळी सारखी केली. थोड्या वेळानं ह्यांच्या पाठीकडं बघत म्हणाले, "ही सुनंनं करून घेतली. तुझ्यावर असतं तर टेप लावून आणलं असतंस मला. तू डॉक्टरकडनं बाहेर आलास तवाच तुझं तोंड बघितलं हुतं रं मी."

ह्यांनी इंडिकेटर दिला आणि गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर डोकं टेकलं. आबांनी पुढं वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"रडायचं तर रड," ते म्हणाले. "इंजिन तेवढं बंद करू नगंस. माझं मशीन चालू हाय."