यवनाचा खांब

चाळिशीला टेकलेली बाई बाहेरून एम.ए. करायला लागली की लोक आधी विचारतात, "याचा उपयोग काय?" मी पूर्णेच्या एका कॉलेजात तासिकांवर मराठी शिकवते. मराठीच्या बाईंना ग्रीस आणि रोमचा इतिहास कशाला हवा, याचं धड उत्तर माझ्याकडे नव्हतं. मला त्याचं वेड लागलं होतं, बाकी काही नाही. आणि माझा आवाज मोठा असल्यामुळे माझं वेड घरात झाकून राहत नाही.

ताडकळसच्या पुढे आमचं गाव. घरात मी आणि आई. आईनं उभा जन्म लोकांच्या रानात कापूस वेचला. आता गुडघ्यांनी संप पुकारलाय म्हणून ती घरी असते, आणि मी मोठ्यानं वाचते ते ऐकत भाजी निवडते. एकदा एका ग्रीक तत्त्वज्ञाचं वाचत होते. त्याचं म्हणणं असं की सगळं सतत बदलत असतं, जसंच्या तसं काहीच राहत नाही. मी खुर्चीतून उठलेच. "आई, अनित्य! अगं, हा माणूस अनित्य म्हणायलाय!"

"मंग त्येला बी कुणीतरी सांगितलं आसंल," आई म्हणाली.

पुढे एक पंथ आला. त्यात एक गुलाम आणि एक सम्राट, दोघंही एकच शिकवण मानणारे. सुखदुःखात मन हलू द्यायचं नाही, जे आपल्या हातात नाही त्यासाठी रडायचं नाही. मी भारावून गेले. आई मात्र मेथीच्या काड्या मोडत म्हणाली, "गुलामानं मानलं ते खरं. बादशाला काय जायलंय मानायला?" हे मी पुढे पेपरात माझं मत म्हणून लिहिलं, आणि त्या पेपरात मला बरे गुण पडले.

घरात ऐकणारं माणूस एकच, म्हणून मी बाहेरही लोकांना पकडायला लागले. सगळ्यात जास्त सापडायचे टेलरचाचा. आमच्या वस्तीच्या तोंडाशीच त्यांचं दुकान आहे. माझा पहिलीचा गणवेश त्यांनीच शिवला होता आणि अजूनही माझे ब्लाउज तेच शिवतात. बुद्धपौर्णिमेला विहारावर लागणारा पंचरंगी झेंडासुद्धा त्यांच्याच मशीनवरून उतरतो. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी, हा क्रम आमच्या पोरांचा चुकतो, चाचांचा चुकत नाही.

एकदा बाह्यांचं माप द्यायला गेले आणि मापाऐवजी साम्राज्यच सांगत बसले. "चाचा, दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या मराठवाड्यातलं सुती कापड तेरच्या बाजारातून भडोचला जायचं, तिथून जहाजानं पार रोमकडे! तिथल्या श्रीमंत बायका आपल्याकडच्या तलम कापडासाठी जीव टाकायच्या. म्हातारे पुढारी ओरडायचे, या कापडापायी देश बुडायला लागलाय म्हणून!"

चाचांनी मशीन थांबवली. "अन् शिवायचं कोन?"

"शिवायचे कुठं फारसं? नुसतं अंगाभोवती गुंडाळायचे."

"मंग कशाचं मोठं राज्य बेटा ते," चाचा म्हणाले आणि परत पायडल मारायला लागले.

त्या वर्षी आमच्या जुन्या पत्र्याच्या विहाराच्या जागी नवा विहार उभा राहत होता. जुन्या विहारात पंख्याच्या पात्यांवर देणाऱ्यांची नावं होती. पंखा चालू असला की नाव दिसायचं नाही, बंद असला की दिसायचं, त्यामुळे वीज गेली की कुणी काय दिलं ते कळायचं. नव्या विहारात मात्र खांबच वाटून घेतले होते. ज्या घरानं खांब दिला, त्या घराचं नाव खांबावर रंगवायचं ठरलं. एक खांब कोणी घेतला नव्हता, आणि तो चाचांनी मागितला.

वस्तीत कुजबुज सुरू झाली. विहार समितीचे अध्यक्ष म्हणजे माझे चुलत चुलते, सगळ्यांचे आबा. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. माणूस सरळ, पण शिस्तीचा आणि त्याहून जास्त काळजीचा. मी भांडायला गेले तेव्हा ते म्हणाले, "मला काई वावडं हाय का त्येचं? माझं धोतर बी त्योच शिवायचा, म्हंजे, पायजमा. पण दिवस कसे आलेत बघायलीस ना? कुनीतरी मोबाईलवर फोटो काढंल, बौद्धांच्या विहारात मुसलमानाचं नाव म्हनून टाकंल. मंग त्येला बी तरास, आपल्याला बी तरास. देऊ दे की सतरंजी. सतरंजीवर नाव नसतंय."

मला संताप आला. ज्या माणसानं आमचे झेंडे शिवले त्याला सतरंजी! त्यानंतर मी दुकानापुढून गेले की चाचा सुईत दोरा ओवत बसायचे आणि वर बघायचे नाहीत. माझ्या जीवाला ते लागायचं. रविवारी सकाळी बैठक होती, तिथे खांबाचा निकाल लागणार होता, आणि आबांच्या काळजीला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शनिवारी सकाळी कॉलेजला निघायच्या गडबडीत मी एम.ए.च्या पुस्तकातला लेण्यांवरचा धडा चाळत होते, आणि ते सापडलं. कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबांवर देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, आणि त्यांत यवनही आहेत! अमुक गावचा यवन, त्यानं दिलेला खांब. बस्स, एवढंच. बढाई नाही, श्लोक नाही. शब्दसुद्धा कसा, 'थंभो'! म्हणजे आपला खांबच की! पंख्याच्या पात्यावर लिहितात तसं, दोन हजार वर्षांपूर्वी, दगडावर. माझ्या अंगावर काटा आला. ग्रीसकडून आलेली माणसं या मातीत राहिली, बुद्धाच्या लेण्याला खांब दिला, आणि भिक्खूंनी तो घेतला, वर नाव कोरू दिलं!

"आई!" मी चपला घालता घालता ओरडले. "यवनानं खांब दिलाय! बुद्धाच्या लेण्याला! दोन हजार वर्षांखाली! कोरून ठेवलंय दगडावर!" तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला आणि मी पळाले.

संध्याकाळी परत आले तर वस्तीतल्या बायका माझ्याकडे बघून हसत होत्या. एकीनं तर माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मला वाटलं, अभ्यासाची कदर व्हायला लागली. आपल्याला अशा गोष्टी पटकन खऱ्या वाटतात.

रविवारी सकाळी अर्ध्या बांधलेल्या विहारात सगळे जमले. वर स्लॅब नव्हता, ऊन थेट डोक्यावर. बायका वाळूच्या ढिगाच्या कडेनं बसल्या होत्या. चाचाही आले होते, इस्त्रीचा सदरा घालून, विटांच्या थप्पीला टेकून उभे. मी रात्रभर जुळवलेलं भाषण मनात घोकत होते. पण वंदना झाल्यावर आबाच उभे राहिले.

"आता खांबाच्या विषयात बोलायसारखं काई राह्यलंच न्हाई," ते म्हणाले. "आपल्या पोरीनं शोध लावलाय. दोन हजार वर्सांखाली बुद्धाच्या लेन्याला मुसलमानानं खांब दिलता. दगडावर लिवलेलं हाय. कुनी इचारलं तर तेच सांगायचं, ही जुनी चाल हाय. मंग आपुन कोन नको म्हननारे?"

माना हलल्या. एकानं टाळी वाजवली. आई माझ्याकडे अशा अभिमानानं बघत होती की मला दरदरून घाम फुटला. सगळा घोटाळा तेव्हा माझ्या लक्षात आला. आमच्याकडे यवन म्हणजे मुसलमान, शाळेच्या इतिहासापासून भाषणांपर्यंत सगळीकडे तेच. आईनं माझं ओरडणं नळावर नेलं होतं आणि नळावरून ते घरोघरी पोचलं होतं.

चाचांकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "हमारे लोगां?" ते शेजारच्या माणसाला हळूच विचारत होते. "लेन्याला? सच्ची?"

काम झालं होतं! मी फक्त गप्प बसायचं होतं. खांब चाचांना मिळत होता, आबांची काळजी मिटत होती, मला तर शोधाचं श्रेय मिळत होतं. आणि खरं सांगितलं तर? खांब जाणार, वर चाचांच्या तोंडावरचा तो आनंदही मीच काढून घेणार. मी ओठ घट्ट मिटले. पण रोज मोबाईलवर खोटे निरोप पुढे ढकलणाऱ्यांवर तणतणणारी बाई मीच ना? उद्या कुणी शिकलेला येऊन हसला, तर त्या खांबाला आणि चाचांना काय किंमत राहणार? आणि त्याहूनही आत एक गोष्ट होती, ती सांगायला मला लाज वाटत नाही. खरी गोष्ट खोटीपेक्षा इतकी भारी होती की ती पोटात ठेवणं मला जमणारच नव्हतं.

"आबा, थांबा," मी उठले. "तो मुसलमान नव्हता."

सगळे वळले. आईच्या तोंडाचा रंग उडाला.

"न्हवता? तू तर यवन म्हनलीस."

"यवनच. पण तेव्हा यवन म्हणजे ग्रीक. इस्लाम तर पुढं कितीतरी शतकांनी आला. ग्रीस, म्हणजे, आपल्या उर्दूत त्याला यूनान म्हणतात ना, तिथला माणूस. युनानी."

"युनानी?" आबांचा चेहरा एकदम उजळला. "परभनीला युनानी दवाखाना हाय त्ये? मंग मी काय म्हनलो! मुसलमानच की!"

हशा पिकला आणि परत माना हलायला लागल्या. मी कपाळावर हात मारून घेतला. एका शब्दातून बाहेर काढलं तर गडी दुसऱ्यात जाऊन बसला! "अहो आबा, ती दवा मुळात ग्रीसची! हकीमसाहेबांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली म्हणून तिला युनानी म्हणतात. आता मी ग्रीसचा अभ्यास करते म्हणून मी काय ग्रीक झाले का?"

मग मला राहवलंच नाही. गवंड्याची गज वाकवायची सळई उचलली आणि वाळूचा ढीग पसरून नकाशा काढायला बसले. हा समुद्र, हे ग्रीस, हे रोम. इथून जहाजं निघायची, वाऱ्याची वाट बघत. हे भडोच, हे तेर, ही गोदावरी, आणि हे आपण. बायका पुढे सरकल्या. कुणी विचारलं, एवढ्या लांबून पायी यायचे का. कुणी विचारलं, त्यांचे देव कोणते. मी सांगत सुटले. डोंगरावर राहणारा वीज फेकणारा देव, घराघरात राखला जाणारा विस्तव, देव-बिव बाजूला ठेवून चौकात उभं राहून प्रश्न विचारणारी माणसं. असा माणूस इथं आला, त्याला ना आपली भाषा, ना त्याला कुणी ओळखणारं. इथं त्यानं धम्म ऐकला. आणि म्हणाला, माझा एक खांब घ्या.

मी थांबले तेव्हा माझे हात वाळूनं भरले होते. आबा नकाशाकडे बघत उभे होते. खांब घ्यायला सापडलेलं त्यांचं कारण आता हातातून निसटलं होतं, ते मला दिसत होतं.

आई गुडघ्यावर हात ठेवून उठली. तिनं सळईचं टोक समुद्राच्या पलीकडे टेकवलं. "एवढ्या लांबचा," ती म्हणाली. "भाशा न्हाई, वळख न्हाई. त्येचा खांब घेतला." मग तिनं मान वर करून गल्लीच्या तोंडाकडे बघितलं. "आन् ह्येचं दुकान हितून दिसायलंय, आबा."

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "फोटो काढला तर काढू दे मंग," ते म्हणाले. "इचारलं तर आपुन सगळे सांगू, आमीच घेतलाय. पेंटरला नाव नीट लिहून द्या. काना-मात्रा चुकायला नको."

मग उठलेल्या गलक्यात चाचा माझ्याजवळ आले. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांच्या हातून मी एक पूर्वज काढून घेतला होता.

"बेटा, म्हंजे त्या लेन्यात आमचं कोनीच न्हवतं?"

"नव्हतं, चाचा."

त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले, नुसत्या उभ्या, रंगही न लागलेल्या खांबावर हात ठेवला, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मीच रडायला लागले.

"मंग पयला मीच की!"