टाकीच्या कोपऱ्यावरचा उजेड

त्या सोमवारी माझी बायको गच्चीवर वारली. त्याच वेळी रायपूरच्या आकाशात उजेड दिसला.

अंधार पडला होता. आम्ही दोघं दोरीवरचे कपडे काढत होतो. "अहो, पाहा ना! टाकीच्या कोपऱ्यावर. काय होय ते?" ती हात वर करून म्हणाली. मी पाहिलं. एक नारिंगी रेघ सरकत होती, मागे ठिणग्या सांडत. आजूबाजूच्या गच्च्यांवर लोक मोबाइल धरून ओरडत होते. मी मान खाली केली, तेव्हा ती कठड्याला टेकून बसली होती. चादर मांडीवर. मी हाका मारल्या. त्या गलक्यात त्या कोणाला ऐकू जाणार?

हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. मोहल्ला म्हणाला, उजेड तिला न्यायला आला होता. नागपूरहून आलेल्या माझ्या मोठ्या बहिणीलाही तेच पटलं. तिने पिठावर दिवा ठेवून वर टोपली झाकली. गेलेल्या माणसाची खूण पिठात उमटते म्हणतात. सकाळी सगळे वाकले. मीही वाकलो. पीठ होतं तसं होतं.

"मले तर दिसून राहिलं," बहीण म्हणाली. "तुले नाही दिसाचं. तू पुस्तकातला माणूस."

बायकोने शेवटचं काय पाहिलं, ते कोणीतरी नीट सांगावं, एवढंच मला हवं होतं.

तेरवीनंतर त्या उजेडाच्या चौकशीला दोन सरकारी अधिकारी आले. गल्लीत जो तो वेगळ्याच दिशेला बोट दाखवत होता.

"अंकल, सबसे पहले किसने देखा?"

"मेरी पत्नी ने."

"तो ज़रा बुला दीजिए उन्हें."

मी आतल्या दाराकडे वळलो. खरंच वळलो, तिला हाक मारायला. तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिलो. ती गेल्याचं बहिणीने त्यांना सांगितलं.

ते दोघं निघाले होते. मीच त्यांना वर नेलं. बायको उभी होती तिथे उभा राहिलो आणि टाकीच्या कोपऱ्याकडे हात केला. "हिलिएगा मत," म्हणत त्यांनी हाताच्या रोखाने दिशा मोजायचं यंत्र लावलं. पुन्हा मोजावं लागलं तर जागा सापडावी म्हणून माझ्या पावलांभोवती पांढऱ्या पेंटची रेघ ओढली.

तो रोख अभनपूरकडे जात होता. तिकडच्या एका शेतात धातूचं जळकं कडं सापडलं. निकामी रॉकेटचा तुकडा होता तो, खाली येताना पेटलेला. "आंटी ने बिल्कुल सही दिखाया था," अधिकाऱ्याने फोनवर सांगितलं.

मी ते नागपूरला बहिणीला कळवलं.

"म्हंजे," ती म्हणाली, "तिले न्याले कोणीच नाही आलं?"

फोन ठेवून मी गच्चीवर गेलो.

कडं ते लोक घेऊन गेले. गच्चीवर बायको उभी होती तिथे पेंटची पावलं आहेत. ती माझ्या मापाची आहेत.