जनान्याची खाला

"मर्दांनो, नजर नीची!"

धाराशिवच्या पत्र्याच्या टॉकीजमध्ये दिवे लागले, की जनान्याची, म्हणजे बायकांच्या बाजूची, राखण करणारी खाला आधी काठी पत्र्यावर आपटायची आणि मग ही आरोळी ठोकायची. तेव्हा सिनेमाचे मशीन एकच होते. रीळ बदलेपर्यंत दिवे लागत आणि तेवढा वेळ पुरुष आणि जनाना यांच्यामधला पडदा खाला ओढून धरायची. समोर नटी उघड्या दंडांनी नाचत असे, तिच्याकडे टक लावून बघायला कुणाची हरकत नव्हती. अब्रू काय ती मागे बसलेल्या आम्हा बायकांचीच धोक्यात असायची.

निजामाच्या राज्यात चिरीमिरीशिवाय पाळला जाणारा हुकूम मी तरी तेवढाच पाहिला. अंधारातही खाला सिनेमाकडे पाठ करून पुरुषांवर पहारा करी. त्यामुळे तिने एकही सिनेमा धड पाहिलेला नव्हता. खेळ सुटला की ती मला दारात अडवायची.

"पोरी, शेवटाला बाई मेली का जगली?"

"मेली, खाला."

"मरणारच. लई रडत हुती."

मी दुपारच्या खेळाला जाई. घरी सांगायची, देवळात पोथी ऐकायला जाते. आमचे हे वकील. दिवसभर कचेरीत. उलटतपासणीत साक्षीदाराला घाम फोडणारा माणूस, पण पोथीत काय ऐकलेस हे त्यांनी मला कधी विचारले नाही.

मग गावातल्या प्रतिष्ठितांना संस्कृतीची काळजी लागली. घरंदाज बायका टॉकीजला जाऊन बिघडतात, सबब जनाना बंद करावा, अशी सभा भरली. गावात हिंदू-मुसलमानांची एकी नाही म्हणणाऱ्यांनी ती सभा पाहायला हवी होती. खाँसाहेब आणि आमचे हे मांडीला मांडी लावून बसले होते म्हणे. ठरले असे, की दोघांनी खेळ सुटताना जनान्याच्या दारात उभे राहायचे आणि कुणाकुणाच्या घरच्या बायका येतात ते पाहायचे. आपल्या घरची एक जरी निघाली, तरी जिल्ह्याच्या तालुकदारांकडे अर्ज करून दाराला कुलूप लावून घ्यायचे.

हे मला कळले ते खेळ सुटताना. पडद्याच्या फटीतून बाहेर पाहून खाला माझ्याकडे आली.

"तुझा वकील दारात हाय. संगं खाँसाहेब. घरची बाई घावली तर जनान्याला कुलूप घालनार म्हनं."

माहेरी धाडतील ते वेगळेच, पण दार बंद झाले असते तर खालाची भाकरीही गेली असती. खालाने अंगावरचा बुरखा काढला आणि माझ्या डोक्यावरून घातला.

"खाला, तुमचं काय?"

"म्या आतच बसते. मला म्हातारीला कोन बघतंय? तू चल."

आणि पडद्याआडून तिने आरोळी ठोकली. "मर्दांनो, नजर नीची! जनाना निघाला!"

दोघाही सज्जनांनी चटकन माना खाली घातल्या. मी चार पावले गेले आणि तेव्हा आमची चूक माझ्या ध्यानात आली. खालाचा बुरखा मला आखूड होता. नजर खाली म्हणजे थेट माझ्या पायांवर! बुरख्याखाली लुगड्याचा काठ, जोडवी, आणि डाव्या पावलावर भाजल्याचा पांढरा डाग. तो डाग ह्यांच्याच हातून पडला होता. आमच्या पहिल्या दिवाळीला ह्यांच्या हातून उकळते पाणी सांडले होते.

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावरून गेले. त्यांनी ते पाऊल नीट पाहिले आणि परक्या बाईसाठी सरावे तसे अदबीने दोन पावले मागे सरले. माझ्यापुढेच खाँसाहेबांची धाकटी बेगम चालली होती. तिच्यासाठी खाँसाहेबही सरले.

संध्याकाळी मी वाढत असताना हे म्हणाले, "आपल्यातलं कुणी जात नाही तिथं. मी जातीनं खात्री करून आलो." अर्ज बारगळला.

पुढच्या खेळाला मी बुरखा परत नेला. खालाने विचारले, "वळखलं का गं?"

"नाही."

ती खो खो हसायला लागली आणि माझ्याकडे बघून थांबली. "आता रडती कशाला? वाचलीस की!"

"व्हय खाला, वाचले," म्हटले. तिने पदराने माझे डोळे पुसले आणि त्या दिवशी पहिल्यांदा, अंधार झाल्यावर, पुरुषांकडे पाठ करून माझ्याशेजारी बसली.

पुढे पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामी गेली. आमच्या घरी पेढे वाटले. टॉकीजमागच्या खालाच्या गल्लीतल्या घरांना मात्र एकामागून एक कुलपे लागली. टॉकीजही बंद पडली आणि तिथे कडब्याची वखार आली. खाला कुठे गेली, आहे की नाही, मला काही कळेना. गावात ज्याला त्याला सगळ्यांची खबर असे. आमच्या ह्यांना तर असायचीच. एकदा पान वाढता वाढता नाव ओठांवर आलेही होते.

पण मी तर टॉकीजची पायरीही कधी चढले नव्हते, त्याची खात्री खुद्द ह्यांनी केली होती. मग खाला माझी कोण म्हणून तिची चौकशी करणार? मी ह्यांना म्हटले, आणखी थोडा भात वाढू का?