रॉकेलच्या दुकानातलं ऊन

दुकानाच्या ओट्यावर यायचं, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरायचा, आभाळाकडे पाहायचं आणि घरचं दूध उतू चालल्यासारखं कळवळून म्हणायचं, "ऊन फुकट चाललं ना बाप्पा!" आमच्या शेजारच्या काकाजींचा दिवस असा सुरू व्हायचा. उन्हाला शिव्या घालणारी माणसं वर्ध्याच्या आमच्या नालवाडीत पैशाला पासरी मिळाली असती. त्याच्यासाठी हळहळणारा माणूस मी हा एकच पाहिला.

गंमत म्हणजे काकाजींचा धंदा रॉकेलचा. किराणा होताच, पण दुकानाची खरी ओळख म्हणजे दारातला पिंप आणि रेशनच्या रॉकेलची रांग. गिऱ्हाइकाच्या डब्यात तेल ओतता ओतता ते त्यालाच समजवायचे, "हे तेल जहाजात बसून दुसऱ्याच्या देशातून येते. ऊन आपल्या आंगणात पडते. मंग हे काऊन जाळता?"

"मंग तुमी विकता काऊन, काकाजी?"

"तू मागून राह्यला म्हणून!"

मी तेव्हा वीज खात्यात कारकून होतो. तुमच्यापैकी कुणी अशी नोकरी केली असेल तर ठाऊक असेल, दिवे गेले की सगळी गल्ली आधी आपल्याच दाराकडे पाहते. भारनियमन जणू मीच खिशात घालून घरी आणतो! काकाजी मात्र खूश असायचे. "बाबू, तुमची लाइन गेली. माही पाहा, सकाळपासून चालू आहे," असं म्हणून बोट वर करायचे. पेट्रोल महागल्याची बातमी रेडिओवर लागली की त्यांचा सल्ला थेट दिल्लीला जायचा. "त्या दिल्लीवाल्यायले मे महिनाभर नालवाडीत आणून ठेवा. धोरण आपोआप बदलते."

दिल्ली बदलेपर्यंत थांबायचा त्यांचा स्वभाव नव्हता. एक दिवस सरकारी सवलतीत मिळालेली सौर चूल घेऊन ते सायकलरिक्षातून उतरले. पत्र्याची पेटी, वर काच, झाकणाला आतून मोठा आरसा आणि पेटीत बाहेरून काळे रंगवलेले डबे. पेटी ओट्यावर विराजमान झाली. सूर्य सरकला की काकाजी रांग तशीच सोडून पेटी फिरवायला धावायचे. लोक तेलासाठी खोळंबायचे, पण बायांची तक्रार नव्हती. त्या आरशात पाहून कुंकू सारखं करून घ्यायच्या. एकदा तर एक नवरदेव त्यात पाहून दाढी करून गेला आणि काकाजींची वांगी अर्धी कच्ची राहिली.

शिजलेलं सगळं ते गल्लीला वाटायचे. मी त्यांच्या हातची वांगी, शेंगदाणे, खिचडी, सगळं खाल्लं आहे. खात नव्हतं ते एकच माणूस, आणि त्याच माणसासाठी हा सारा खटाटोप चालला होता.

काकू. सगळ्या नालवाडीत त्यांच्यासारखी भांडी कुणाची नव्हती. राखेने घासून घासून त्यांनी पितळेचं सोनं केलं होतं. पण स्वयंपाक रॉकेलच्या स्टोव्हवर, तोही खिडकी नसलेल्या खोलीत. घरचंच तेल, मग कमी कशाला जाळायचं? त्यांचा खोकला भिंतीपलीकडे मला ऐकू यायचा. एकदा तो ऐकता ऐकता काकाजी अचानक म्हणाले, "जिंदगीभर तेल मी विकलं बाबू, अन् धूर तिनं खाल्ला."

काकूंपुढे विषय काढला की उत्तर ठरलेलं. "उन्हात पापड वाळते जी, वरण नाई शिजत." शेवटी एकदा त्याच म्हणाल्या, "हिंगणघाटहून माहे भाऊ येऊन राह्यले रविवारी. त्यायच्यासमोर शिजवून दाखवा. शिजलं तं स्टोव्ह माळ्यावर."

काकाजी आठवडाभर आभाळाची मनधरणी करत हिंडले. रविवारी ऊन असं पडलं, की कुत्रीसुद्धा ओट्याखालून निघेनात. सकाळी काकूंनी डबे घरातूनच भरून, झाकणं लावून फडक्यात गुंडाळून आणून दिले. काकाजींनी फडकं ओढून, न पाहताच ते घाईघाईत पेटीत सरकवले आणि पाहुण्यांच्या स्वागताला धावले.

दुपारी पानं मांडली. दोघे भाऊ, मी, शेजारीपाजारी, सगळे ओट्याशी जमलो. काकाजींनी ऐटीत काच उघडली, डबा बाहेर काढला आणि थबकले. डब्यात त्यांचं तोंड दिसत होतं. लख्ख! माहेरची माणसं येणार, त्यांच्यासमोर काळीकुट्ट भांडी कशी मांडायची? काकूंनी विटेचा चुरा आणि राख घेऊन सगळा काळा रंग घासून काढला होता. ऊन शोषणारा काळा रंगच गेला, मग शिजणार काय? तांदूळ नुसते फुगले होते आणि तुरीची डाळ दाताखाली कटकन वाजत होती.

भाऊ हसू लागले. "काय जी भाऊजी, का झालं?"

मला वाटलं, आता काकाजी डबा वर धरून सगळ्यांना दाखवणार. त्यांनी काकूंकडे पाहिलं, डबा हळूच फडक्याने झाकला आणि म्हणाले, "आज ऊन कमी पडलं."

वर्ध्यात, मे महिन्यात, ऊन कमी पडलं! थोरल्या भावाच्या नाकावरून घाम टपकत होता. तोही हसायचा थांबला आणि पंच्याने तोंड पुसत राहिला. काकूंनी निमूटपणे स्टोव्ह पेटवला.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी ओट्यावरच होतो. काकूंनी विचारलं, "खरं सांगा, ऊन कमी पडलं का?"

"ऊन नाई वं. डबे लई चमकले," काकाजी म्हणाले आणि हसत सुटले. काकू आधी लाजल्या, मग त्याही पदर तोंडाला लावून हसल्या.

दुसऱ्या सकाळी मी पाहिलं, काकू स्टोव्हची वात मोठी करून डबे तिच्यावर धरून बसल्या होत्या. जी काजळी त्यांनी जन्मभर घासून काढली, तीच त्या आपल्या हाताने चढवत होत्या. डबे काळेभोर झाले, तशी डाळ घालून त्यांनीच ते पेटीत ठेवले. दुपारी गल्लीभर वरणाचा वास सुटला आणि काकाजींनी ओट्यावर अक्षरशः नाच केला. स्टोव्ह माळ्यावर गेला. पावसाळ्यात चार दिवस खाली उतरायचा तेवढाच. हळूहळू भिंतीपलीकडचा खोकलाही उतरला. मला त्याचा इतका आनंद झाला, की घरचाच आजार गेल्यासारखं वाटलं.

काकाजी जाऊन आता काही वर्षं झाली. पिंपही गेला, रांगही गेली. मध्यंतरी काकूंकडे गेलो होतो. फळीवर भांडी तशीच झळकत होती आणि मधोमध, देवासारखे, ते काळे डबे. घरात नवी आलेली नातसून भांडी घासायला बसली होती. तिने डब्यांकडे हात नेला, तशा काकू ओरडल्या, "त्याले नको घासू, माय!"

"काऊन आजी?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे हसत होते.

"ते घासले तं ऊन कमी पडते."