दुर्बिणीसाठी बॅटरी पाहिजे

आमच्या मंडळात वीज कधी साठली नाही, किस्से मात्र भरपूर साठले. एक सांगावा तर चार आपोआप बाहेर पडतात, आणि चारही ऐकून लोक मलाच विचारतात, "अगं, मग तू अजून त्या मंडळात कशी?" याचं उत्तर सोपं आहे. अमरावतीत दुर्बीण एकच, आणि ती मंडळाच्या ताब्यात!

मंडळ म्हणजे चार माणसं. अध्यक्ष अण्णासाहेब, वकील. चिटणीस शास्त्रीबुवा, भिक्षुकी आणि पंचांग. तिसरे बापूराव, मोर्शीचे संत्र्याचे बागाईतदार. मंडळाला जीप लागली की ती त्यांची. चौथी मी. कॉलेजात पदार्थविज्ञानाची डेमॉन्स्ट्रेटर, त्यामुळे बैठकीत चहा कोणी करायचा हा प्रश्न कधी उद्भवला नाही.

त्या वर्षी वैशाखात एका संध्याकाळी चंद्राची कड एका ताऱ्याला घासून जाणार होती. चंद्रावरच्या डोंगरांआड तो तारा दोन-तीन मिनिटांत चार-पाचदा विझणार, पुन्हा पेटणार. प्रत्येक वेळ सेकंदासकट लिहिली, तर त्या डोंगरांची उंची काढता येते. दिसणार होतं फक्त धारणीकडच्या एका अरुंद पट्ट्यातून. त्या पट्ट्याचा नकाशा मी दहा पत्रं लिहून मिळवला होता, आणि पुन्हा असा योग आमच्या भागात कधी येईल ते मलाही ठाऊक नव्हतं.

एक हात स्टॉपवॉचवर, एक पेन्सिलीवर. मग दुर्बीण ताऱ्यामागे फिरवायची कोणी? म्हणून मी तिला सहा व्होल्टची छोटी मोटर बसवली. त्या रानात वीज नाही, तेव्हा आता फक्त बॅटरी निवडायची होती.

फक्त!

*

"नवीन कशाला?" अण्णासाहेब म्हणाले. "टॉर्चचे जुने सेल आहेत की घरात. उन्हात ठेवले की पुन्हा जोर धरतात."

चैत्राचं ऊन. अण्णासाहेबांच्या गच्चीवर त्यांच्या पत्नीचं, म्हणजे काकूंचं, वाळवण पडलेलं. एका बाजूला ज्वारीचे पापड, दुसऱ्या बाजूला अठ्ठावीस सेल. अण्णासाहेब दर तासाला वर जाऊन सेल उलथत होते. पापडांकडे कावळे येतात का हेही पाहत होते, हे मान्य करायला हवं.

चौथ्या दिवशी सेल जोडले. मोटर दीड मिनिट फिरली आणि थांबली. काही सेलांतून चिकट पाणी येऊन ते फुगले होते.

काकू जिन्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, "अहो, दोन्ही तळून पाहा. कोणतं फुलतं ते तरी कळेल!"

*

बापूरावांनी आपल्या वाड्यावरच्या रेडिओची बॅटरी आणली. विटेएवढी, जड.

"सहा व्होल्टचं काय घेऊन बसल्या बाई? हे नव्वद व्होल्टची हाये. पंधरा पट जोर!"

मी म्हटलं, "बापूराव, मोटर जळेल."

"काहून जळन? आमचा रेडिओ त नाई जळला कधी."

अण्णासाहेबांनी निकाल दिला. "पोरी, कोणी आपण होऊन काही आणलं, तर लगेच नाही म्हणू नये." मी हट्टानं आधी दिवा लावून पाहायला लावला. दुर्बिणीवरचे आकडे वाचायला लावलेला इवलासा दिवा अर्धा क्षण सूर्यासारखा तळपला. मग फट्!

बापूराव खूश. "पायलं? जोर हाये का नाई!"

*

शेवटी मी सुरुवातीपासून जे म्हणत होते तेच ठरलं, फक्त ते आता अण्णासाहेबांना सुचलं होतं. मोटारीची सहा व्होल्टची बॅटरी. आम्ही अकोल्याला एका गॅरेजात ती बघायला गेलो. 'बघायला' हा शब्द मी मुद्दाम वापरते. कोणत्या गाडीतली, आधीचा मालक कोण, गाडी का विकली, इतकी चौकशी झाली. मला बघायला आलेल्या मंडळींनीही इतकी केली नव्हती.

मिस्त्रीनं दोन टोकांना तार लावून लखकन ठिणगी पाडून दाखवली. झालं! ती मजा मग प्रत्येकाला हवी झाली. अण्णासाहेबांनी ठिणगी पाडली. बापूरावांनी दोनदा. आगगाडीत समोरच्या प्रवाशांसाठी एकदा, बडनेऱ्याला हमालांसाठी एकदा. अमरावतीला अण्णासाहेबांच्या घरी येईल त्या प्रत्येकाला चहाआधी ठिणगी. तीन दिवसांनी मी मोटर जोडली, तर ती हललीसुद्धा नाही.

बॅटरी परत अकोल्याला. मिस्त्रीनं ती पाहिली, मग आम्हाला पाहिलं.

"साहेब," तो म्हणाला, "आंबा चाखून घेतेत, चोखून नाई!"

*

त्यानं ती पुन्हा भरून दिली आणि बजावलं, "आतलं पानी कमी झालं त नळाचं टाकू नका. शुद्ध पायजे."

शुद्ध म्हटल्यावर विषय शास्त्रीबुवांच्या खात्यात गेला. पुढच्या आठवड्यात मी बॅटरीची झाकणं उघडली, तर आतलं पाणी गढूळ.

"बुवा, डिस्टिल्ड वॉटर घातलंत ना?"

"त्याहून शुद्ध. काशीहून आणलेला गडू फोडला तिच्यासाठी."

आठ दिवसांत बॅटरी कायमची गेली. मी बुवांना गंगेतल्या क्षारांबद्दल पंधरा मिनिटं सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"गेली हे खरं," ते म्हणाले. "पण सद्गतीला गेली."

*

वैशाखात नवी कोरी बॅटरी आली. अण्णासाहेबांनी तिला सागवानी पेटी करवून घेतली, पेटीला पितळी कुलूप. धारणीच्या प्रवासात माझ्यासोबत तीन वडीलधारी माणसं, बॅटरीसोबत कुलूप. दोघींनाही एकटं सोडायचं नाही!

टेकडीच्या पायथ्याशी जीप ठेवून आम्ही सामान वर नेलं. सूर्य मावळला. मी दुर्बीण लावली, चंद्राच्या काळ्या कडेजवळ तारा सापडला. वीस मिनिटं उरली होती.

"अण्णासाहेब, किल्ली."

"किल्ली अमरावतीला आहे."

"कुठे?"

"तुझ्या काकूंच्या कमरेला. वाटेत कोणी उघडून ठिणग्या पाडू नयेत म्हणून."

मी दगड उचलला. बापूराव म्हणाले, "हाना बाई, मी पेटी धरतो!"

अण्णासाहेब पेटीवर बसले. मांडी घालून.

"आत तेजाब आहे. उडालं तर डोळे जातील. आणि ही मंडळाची मालमत्ता आहे."

"तारा जाईल हो!"

"तारे काय, रोज आहेत."

"थांबा, मी जीपची बॅटरी काढून आनतो," म्हणत बापूराव उतारावरून धावत सुटले. मी शास्त्रीबुवांकडे वळले. "बुवा, निदान मी ओरडेन ती वेळ लिहा." बुवा संध्येला बसले होते. नाक एका हातानं धरलेलं. दुसरा हात वर करून त्यांनी मला खूण केली, थांब.

चंद्र थांबला नाही.

एका हातानं दुर्बीण फिरवत मी डोळा लावला. तारा विझला. पेटला. पेन्सिलीकडे हात नेला, तर तारा नजरेतून निसटला. परत आणला. विझला. पेटला. पुन्हा विझला. मी मोठ्यानं वेळा ओरडत होते, आणि त्या टेकडीवर त्या ऐकणारं कोणी नव्हतं. मग तो पेटला तो तसाच राहिला, आणि चंद्र त्याच्यापासून दूर सरकला.

बापूराव धापा टाकत वर आले. खांद्यावर जीपची बॅटरी, सदरा ग्रीसनं काळा.

"घ्या बाई, लावा!"

"झालं, बापूराव."

त्यांनी बॅटरी हळूच खाली ठेवली. "दिसला तरी का?"

"दिसला. लिहायला हात नव्हता."

त्यांनी ग्रीसचे हात सदऱ्यालाच पुसले.

अण्णासाहेब पेटीवरून उठले. धोतर झटकलं, झाकणावरून मायेनं हात फिरवला आणि म्हणाले, "काही म्हणा, या खेपेला बॅटरीला कोणी बोटसुद्धा लावलं नाही!"