तिफणीचा मार्का कोणाचा?

ती फिर्याद आठवली की आजही माझा गोंधळ उडतो. नोकरीत मी दरोडे पाहिले, खून पाहिले, विषप्रयोग पाहिले. त्यांत काही ना काही हाताला लागायचं. प्रेत असायचं, नाहीतर फोडलेली भिंत तरी असायची. या प्रकरणात नेमकं गेलं काय, हे कळण्यातच माझा निम्मा तपास खर्ची पडला. त्या घरातली माणसं अजून त्याच गावात नांदतात, म्हणून नाव कोणाचंच देत नाही.

अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला होता आणि आमच्या वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी सोन्याचा भाव आला होता. मी अमरावतीच्या ठाण्यात नायब ठाणेदार होतो. सकाळी शिपायांची हजेरी घ्यायची, रोजनामचा लिहायचा आणि बाजारात गस्तीला निघायचं, असा नेम होता. हंगामात कापसाच्या बंड्यांनी रस्ता असा भरायचा की गस्त बंडीखालून घालावी की वरून, असा प्रश्न पडे. तक्रारीही कापसाच्याच असत. कोणी गठाणीत पाणी मारलं, कोणी सरकी मिसळली, कोणी गठाणीच्या पोटात दगड घातला. माणसाला एकदम जास्त मिळू लागलं की त्याला आणखी जास्त हवं असतं, हे मी तेव्हा रोज पाहत होतो.

पौष महिन्यात एक बाई ठाण्यात आली. भातकुलीकडच्या एका गावची पाटलीण, नवरा जाऊन काही वर्षं झालेली. शेती स्वतः करायची आणि कापूस गठाणी बांधून अकोल्याला पाठवायची. तिथे मुंबईच्या एका पेढीचा आडत्या तिचा माल घेत असे. तिच्यासोबत गोणपाटाचा एक तुकडा होता. त्यावर काळ्या रंगात तिफणीचं चित्र उमटवलेलं होतं. तीन दात्यांची तिफण, आपण पेरणीला वापरतो तीच.

"हा माहा मार्का आहे, सायेब," ती म्हणाली. "माह्या मालकानं सोताच्या हातानं सागाचा ठसा कोरला होता."

"बरं. मग? चोरीला गेला?"

"नाई. ठसा घरीच आहे."

"मग चोरीला काय गेलं?"

"मार्का."

मी तुकड्याकडे पाहिलं. मार्का त्यावर ठसठशीत उमटलेला होता. माझ्या शेजारी निजामाच्या मोगलाईपासून नोकरीत असलेले जमादार बसले होते. त्यांनीही पाहिलं आणि ते मिशीवरून हात फिरवू लागले. त्यांना काही कळेनासं झालं की ते हेच करत.

हळूहळू उलगडा झाला तो एवढा. तिफणीची गठाण म्हणजे आत चोख माल, असा अकोल्याच्या बाजारात तिच्या नवऱ्याच्या वेळेपासून लौकिक होता. आडत्या त्या गठाणी न उघडता घ्यायचा. पण गेल्या हंगामात तिफणीच्या मार्क्याखाली ओला, सरकी मिसळलेला माल मुंबईला गेला आणि तिथे पेढीची नाचक्की झाली. यंदा आडत्यानं निरोप पाठवला होता की तिफण दिसली तर बंडी आल्या पावली परत जाईल. तिच्या गठाणी घरी बांधून तयार होत्या. अकोल्यानं तोंड फिरवलं तर वऱ्हाडात दुसरा कोणी त्या गठाणींना हात लावणार नव्हता. एका ठिकाणी नाकारलेला माल बाजारात सोयरीक मोडलेल्या मुलीसारखा असतो.

"म्हणजे कोणीतरी तुमचा मार्का नकली केला," मी म्हणालो. "कोणावर संशय?"

"मी संशेव घ्याले नाई आली. सरकारात हा मार्का माह्या नावानं लिवून घ्या. शेत कसं लिवता, तसं."

आता शेत लिहायला पटवारी आहे. मार्क्याचा पटवारी कुठून आणायचा? मी आमच्या जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबांकडे गेलो. साहेबांनी नवा पिनल कोड काढला. दुसऱ्याचा मार्का वापरून फसवणूक केली तर शिक्षा, असं त्यात होतं. पण मार्का कोणाचा हे आधी कुठे नोंदवायचं, त्याबद्दल अक्षर नव्हतं. साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि सांगितलं की त्यांच्या विलायतेतही असं दफ्तर नाही. तिथे वापरानं मार्का आपला होतो, आणि भांडण लागलं की तो आपला होता हे शाबीत करावं लागतं. "मग भांडण लागायच्या आधी काय करतात?" मी विचारलं. साहेब म्हणाले, "भांडणाची वाट पाहतात."

मी फिर्याद नोंदवली खरी, पण 'गेलेला माल' या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. जमादार म्हणाले, "लिवा ना साहेब, इज्जत." मी त्यांना गप्प बसवलं आणि रकाना कोरा ठेवला.

तपासाला आम्ही अकोल्याला गेलो. आडत्याच्या कोठारात गेल्या वर्षीच्या खराब गठाणींचं गोणपाट पडून होतं. माल कोणी आणला ते त्याला सांगता येईना; तिफण दिसली की तो माणूस पाहत नसे. त्यावरची तिफण मी बाईच्या तुकड्याशी ताडून पाहिली. नकली ठशात कुठेतरी फरक सापडेल, या हिशेबानं मी भिंग घेऊन बसलो. फरक नव्हता. बाईच्या ठशाचा डावा दाता टोकाला जरा तुटला होता; इथेही तो तसाच तुटलेला. म्हणजे नकली मार्का खऱ्याच ठशानं मारला होता. आणि खरा ठसा तर बाईच्या घरात. मी भिंग खाली ठेवलं. फिर्यादीच आरोपी आहे की काय, असं मला वाटू लागलं. तसं असेल तर तिनं आपणहून ठाण्याची पायरी का चढावी?

खबर दिली ती एका बंडीवाल्यानं. जमादारांचा तो जुना खबऱ्या. तंबाखू मळता मळता बोलायचा आणि मळून झाली की थांबायचा. तो म्हणाला, "थो खराब माल भरून आलेल्या बंडीचे बैल म्या ओयखतो. एकाचं शिंग वाकडं. थे पाटलाच्या घरचेच बैल हायेत."

"बाईचे?"

"बाईचे नाई. धाकल्या पाटलाचे. तिच्या देराचे."

दिराला ठाण्यात बोलावलं. तिशीतला, धोतर नीट नेसलेला, अंगणात येताच ठाण्याच्या बंडीच्या बैलाला थोपटणारा माणूस. गुन्हेगार ठाण्यात आला की एकतर फार बोलतो किंवा फार गप्प बसतो. हा ना फार बोलत होता ना गप्प होता. पाणी मागितलं, प्यायला आणि बसला.

"गेल्या हंगामात तिफणीचा ठसा तू मारलास?"

"हो. म्याच मारला."

इतक्या लवकर कबुली येईल असं वाटलं नव्हतं. जमादारांचा हात मिशीवर गेला.

"चोरून?"

"चोरून काहून? माही बारी होती."

वऱ्हाडात बारी म्हणजे आपला क्रम, आपली पाळी. मी विचारलं, कसली बारी? आणि मग सगळं बाहेर आलं. थोरला भाऊ गेल्यावर दीर-भावजयीची वाटणी झाली, तेव्हा पंचांनी शेत मधोमध तोडलं. विहीर तोडता येईना, म्हणून पाण्याची बारी लावली. एक दिवस हिचा, एक दिवस त्याचा. पोळ्याला पाटलाचे बैल तोरणाखालून सगळ्यांत आधी निघतात, तो मानही तोडता येईना. तोही बारीनं ठेवला. शेवटी ठसा उरला. एकच सागाचा तुकडा. पंचांनी आपल्या अकलेप्रमाणे त्याचीही बारी लावून दिली. एका हंगामात वहिनीनं वापरायचा, दुसऱ्या हंगामात दिरानं. ज्याची बारी नसेल त्यानं माल बिनमार्क्याचा विकायचा. गेल्या हंगामात बारी त्याची होती. हंगाम सरल्यावर त्यानं ठसा धुऊन, पुसून वहिनीच्या घरी नेऊन दिला होता.

बाईंनाही ठाण्यात बोलावून मी विचारलं, हे तुम्ही आधी का सांगितलं नाही? त्या म्हणाल्या, "घरच्या माणसाचं नाव ठाण्यात घ्याचं काय, सायेब? मले त्याले बेड्या नव्हत्या पायजे. मले मार्का पायजे होता."

माझ्यापुढे आता नवाच पेच उभा राहिला. दिरानं ठसा चोरला नव्हता. पंचांच्या निवाड्यानं तो त्याचाही होता. कापसात पाणी मारलं हे तो नाकारत नव्हता. "पानी सारेच मारतात," तो म्हणाला. "पन म्या माह्या बारीत माहा कापूस भरला. वयनीच्या बोंडालेबी हात नाई लावला. तिचं काय बिघडलं?" त्याला ते खरंच कळत नव्हतं. थोडा वेळ मलाही कळेना. त्याचा माल, त्याचं वर्ष, त्याचा ठसा. मग गुन्हा कोणता? साहेब ठाण्यात आले तेव्हा त्यांना सगळं समजावून सांगितलं, तर ते विचारू लागले की मग मालक कोण. मी म्हणालो, दोघं. "एका वेळी?" नाही, आळीपाळीनं. साहेबांनी पुस्तक मिटलं.

तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या बाई बोलल्या. दिराकडे बघून, शांतपणे.

"भाऊजी, इहीर आपली बारीची आहे. तुमच्या दिवशी तुमी पानी काढा, मी बोलत नाई. पन तुमच्या दिवशी तुमी इहिरीत मेलेलं कुत्रं टाकलं, तं माह्या दिवशी मी काय पिऊ?"

दिराची मान खाली गेली. मला जे पुस्तकात सापडलं नव्हतं, ते एका वाक्यात सापडलं. मार्का शेतासारखा नसतो. शेत तोडलं तरी दोन शेतं होतात. मार्का पाहून घेणारा माणूस यंदा कोणाची बारी आहे ते विचारत नाही. तो एकाच माणसावर विश्वास ठेवून पैसे मोजतो. तिथे माणसं दोन झाली की विश्वास कोणावरच उरत नाही.

साहेबांनी दिराला ताकीद देऊन सोडलं आणि तेच पंच पुन्हा बसवायला सांगितले. पंच बसले. मार्का एकाचाच राहावा, एवढं पंचांनाही पटलं. पण दीर म्हणाला, मार्का सोडतो, त्याबदल्यात मला काय? आणि त्यानं मागितला पोळ्याचा मान. बारीचा नाही, कायमचा.

पंचांपैकी एक म्हातारा बाईंना म्हणाला, "पोरी, इचार कर. मान गेला तं गावात काय राह्यलं?" बाई म्हणाल्या, "देला."

पंचांचा लेख झाला, तहसिलीत दाखल झाला. पुढचं सगळं आम्हीच आमच्या डोक्यानं जुळवलं. सरकारी रीत नव्हतीच. ताज्या गोणपाटावर तिफण उमटवून एक तुकडा कचेरीत ठेवला, एक ठाण्यात, एक अकोल्याच्या आडत्याकडे. ठसा कोणाचा, कधीपासून वापरात आहे, याची दोन व्यापाऱ्यांची जबानी घेतली. मग अमरावतीत आणि अकोल्यात बाजाराच्या दिवशी दवंडी पिटवली, की तिफणीचा मार्का अमक्या बाईचा, दुसऱ्या कोणी मारला तर सरकारात खटला होईल. बाजारातले लोक हसले. मार्क्याची दवंडी त्यांनी आयुष्यात ऐकली नव्हती.

दवंडीनं आडत्याचं मन काही वळलं नाही. बाई बंड्या घेऊन अकोल्याला गेल्या, तेव्हा बंदोबस्तासाठी मी तिथेच होतो. आडत्या म्हणाला, "बाई, कागद ठीक आहे. पण आतलं मला कसं कळणार?"

"खोला," बाई म्हणाल्या.

गठाण फोडली की पुन्हा बांधावी लागते, गोणपाट वाया जातं, कापूस उधळतो. तरी त्यांनी भर बाजारात, सगळ्या व्यापाऱ्यांसमोर पहिली गठाण फोडायला लावली. कापूस कोरडा, पांढरा. दुसरी फोडली. तिसरी फोडल्यावर आडत्या म्हणाला, पुरे. बाई म्हणाल्या, "नाई, सबन फोडा. एक ठेवली तं लोक मनतीन त्यातच होतं." शेवटची गठाण फुटली तेव्हा त्यांच्या केसांत, पदरावर, पापण्यांवर कापूस होता. आडत्यानं माल घेतला. पुढच्या हंगामापासून त्यानं तिफणीची गठाण पुन्हा कधी उघडली नाही.

त्या साली पोळ्याला मी त्यांच्या गावी बंदोबस्ताला होतो. मानाचा पोळा म्हणजे मारामारीचा धोका असतोच. दिराचे बैल शिंगांना बेगड लावून तोरणाखालून पहिले निघाले. बाईंचे बैल मागे, गावातल्या इतरांच्या बरोबर. मी त्यांना विचारलं, वाईट वाटलं का?

"वाईट कसं नाई वाटन, सायेब? काल रातभर रडली मी." त्यांनी बैलांच्या गर्दीकडे पाहिलं. "पन बैलाचा मान येशीपासून मारुतीपर्यंत. माह्या मालकानं कोरलेली तिफण, मी जलमात पाहनार नाई, अशा गावाले जाते. थितं तिले कोनी नाव ठेवाले नको."

पुढे माझ्या हाताखालच्या पोरांना मी या प्रकरणातून एकच गोष्ट सांगत आलो. फिर्यादीचं काय गेलं, ते आपल्या पुस्तकावरून ठरवू नका, त्यालाच विचारा, आणि उत्तर कळलं नाही तर पुन्हा विचारा. कायद्यानं त्या बाईंचं काय रक्षण केलं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. पण त्यांच्या गावात कोणी माल बांधताना पाण्याचा हंडा उचलला, की घरातलं कोणीतरी हटकून म्हणायचं, "ठेव थो खाली. तिफण काहून मोठी झाली, मालूम हाये ना?"